झोप झाली?

ती बस डेपोत नर्स म्हणून रुजू झाली, त्याच दिवशी तिचा रेनकोट खुंटीवरून गायब. चोर फार लांब गेला नव्हता. तोच रेनकोट चढवून फाटकाशीच उभा होता – बाह्या कोपरापर्यंत, बटणं ताणलेली, आणि स्वारीला पत्ताच नाही!

"अहो, तो माझा आहे."

त्याने स्वतःकडे खालीवर पाहिलं. "तरीच म्हटलं, रात्रीत एवढा कसा वाढलो!"

ती हसली. पण त्याचे तांबारलेले डोळे तिच्या नजरेतून सुटले नाहीत.

तो लांब पल्ल्याचा ड्रायव्हर. तिने तपासून मान डोलावल्याशिवाय कुणालाच गाडीची किल्ली मिळत नसे. सगळा डेपो तिला 'सिस्टर' म्हणे. फक्त तो हा शब्द गिळायचा.

"झोप झाली?" ती रोज विचारायची.

"अगदी ढाराढूर! स्वप्नात कोण आलं, सांगू?"

"नको. हात पुढे करा."

नाडी ठीक, रक्तदाब ठीक. झोप मोजायचं यंत्र मात्र तिच्याकडे नव्हतं. त्याच्या शब्दावर मान डोलवायची, आणि गाडी परत येईपर्यंत जीव टांगणीला… गाडीत एवढी माणसं, आणि तो. हल्ली तो सांगता सांगता विनोदाचा शेवट विसरे. कंडक्टरवर उगाच खेकसे.

एका सकाळी तिने मान डोलावलीच नाही. "आज खरं सांगा."

"गाडी काढून घेतलीत तर माझं उरलं काय?" त्याचा आवाज चढला.

"मी विचारलंय त्याचं उत्तर द्या."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो मटकन खाली बसला.

"काल पूल कधी ओलांडला… आठवत नाही. डोळे उघडे होते, तरी. आई गेल्यापासून झोप लागतच नाही."

आजही खोटं बोलून तो किल्ली नेऊ शकला असता. तिचा आवाज ठाम होता. "हा आजार आहे, बरा होतो. चला डॉक्टरांकडे. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"म्हणजे रोज तुमच्यापुढे हात करायचा नाही?"

"असं कोण म्हणालं?"

"मग… बिनगाडीचा ड्रायव्हर चालेल तुम्हाला? जन्मभरासाठी?"

"आधी झोप. उत्तर कुठे पळून जात नाही."

"उत्तर कळल्याशिवाय झोप लागायची कशी?"

"मग ऐका – हो. आता उठा."

तो उठला आणि ऐटीत निघाला… नेमका दवाखान्याच्या उलट्या दिशेला. तिने हात धरून त्याला वळवलं, आणि तो हात तसाच धरून ठेवला.