मिठागरावरचं आभाळ

मार्च उलटला तरी धाकटी खार या गावात कुणालाच सावली नव्हती. सकाळचे अकरा म्हणजे एरवी डोकं तापायची वेळ. इथं डोक्यावर भिजल्या गोणपाटासारखं आभाळ लोंबत होतं आणि खाली मिठागराच्या वाफ्यांत तेच आभाळ उलटं पडलेलं. गावाबाहेर दोन किलोमीटरवर लख्ख ऊन होतं. खारीच्या कमानीपाशी आलं की ते सुरीनं कापल्यासारखं संपायचं.

बांधावर शंभरेक पाहुणे फोन आणि कॅमेरे लावून उभे होते. वाफ्यात बाळाराम घरत, पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात, मीठ ओढायच्या फळीचा दांडा धरून. त्यानं बोट बुडवून पाणी चाखलं आणि थुंकला. अजून पातळच होतं. तेवढ्यात बांधावरून एका बाईंनी सांगितलं, काका, जरा फ्रेममधून बाजूला व्हा. बाळाराम निमूट बाजूला झाला.

ते त्याच्या पोरीनं, हर्षालीनं पाहिलं. सतरा वर्षांची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गणिताच्या सरांना वर्गात उलटं बोलून नववीत शाळा सोडली ती याच रागापायी. ती सरळ बाईंच्या कॅमेऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"वाफा त्यांचाय. बाजूला तुम्ही व्हा."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अशीच थांब हां. मस्त येतंय."

बाळारामला भीती होती ती वेगळीच. कायदा असा होता की लागोपाठ तीन हंगाम मीठ पिकलं नाही तर कागदावर ते मिठागर राहत नाही, 'देखावा-जमीन' होते. वाफे तेच, पाणी तेच, बांध तेच, फक्त पिकवणारा बाहेर. दोन हंगाम कोरडे, म्हणजे ओलेच, गेले होते. हा तिसरा. मेअखेर तपासणी. खाडीचं पाणी उधाणाला आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यातून तापवत न्यायचं, शेवटच्या वाफ्यात दाणा धरतो. या सगळ्याला सलग तीन आठवडे ऊन लागतं. एवढंच हवं होतं त्याला. तीन आठवडे.

आणि हे आभाळ आणलं होतं त्याच्याच पोरीनं.

तीन वर्षांमागं तिनं एका रणरणत्या सकाळी मिठागराचा फोटो काढला होता. तेव्हा ती नुकती शाळा सोडून घरी बसलेली, हातात फोन, डोक्यात किडे. तिनं त्या फोटोतला निळा काढून घेतला, उजेड दाबला, हिरवा काळ्याकडं ढकलला. याला लोक मूडी म्हणतात. पांढरं मीठ राखेसारखं झालं, आणि वाटायला लागलं की या जागी जगाचा शेवटचा दिवस उजाडतोय. लाखो लोकांनी तो फोटो पाहिला आणि गाड्या काढून आले. आल्यावर बघतात तर काय, डोळे दिपवणारं ऊन, घामेजलेली माणसं, चिखलाचा वास. फोटोत असं नाही म्हणून शिव्या घालत परत गेले. पण तोवर बांधावर वडापावच्या चार टपऱ्या लागल्या होत्या, आणि पंचायतीच्या तोंडाला चव लागली होती. पाहुण्यांना जे हवं ते द्यायचं ठरलं. खाडीच्या तोंडाशी आठ मनोरे उभे राहिले आणि गावावर नभलेप चढला.

नभलेप म्हणजे आभाळाला दिलेला हात, भिंतीला रंगाचा देतात तसा. तो देणाऱ्या होत्या डॉक्टर निवेदिता जोगळेकर. मनोऱ्याखालच्या खोलीत एकट्याच बसायच्या. त्या दिवशी हर्षाली तिथं भांडायलाच गेली. जोगळेकर मॅडमनी तिला आधी बसवलं, चुरमुरे पुढं केले, आणि मग समजावलं.

ढगाला बी लागतं, त्या म्हणाल्या. हवेत वाफ असते, पण तिला धरून बसायला काहीतरी हवं. मनोरे खाडीचं पाणी ओढतात आणि पावडरीहून बारीक करून वर सोडतात. पाणी सुकतं, मिठाचा कण राहतो. त्या कणाभोवती वाफ गोळा होते, की झाला थेंब.

"म्हणजे आमचंच मीठ," हर्षाली म्हणाली. "वाफ्यात धरायचं ते वर धरतंय."

तसं म्हणता येईल, मॅडम म्हणाल्या. मग पुढं सांगितलं की कण किती सोडले त्यावर आभाळाचा रंग ठरतो. थोडे सोडले तर थेंब मोठे, ढग विरळ, ऊन गळतं. खूप सोडले तर थेंब बारीक आणि गच्च, ऊन वरच्या वर माघारी जातं. असा ढग वरून कापसासारखा पांढरा आणि खालून तव्यासारखा काळा.

"पृथ्वी थंड करायला शोधलं होतं आम्ही हे," त्या म्हणाल्या. "पृथ्वीला गिऱ्हाईक मिळालं नाही."

"मग कमी सोडा की. तीन आठवडे. बटण तुमच्याच हातात आहे ना?"

बटण नव्हतंच. किती सोडायचं ते यंत्र ठरवायचं, आणि यंत्राला ते लोक सांगायचे, तोंडानं नाही तर डोळ्यांनी. मॅडमनी स्वतःचा फोन काढून दाखवलं. फोटो बघताना बोट पुढं सरकवायच्या आधी डोळा जेवढा वेळ थांबतो, त्याला म्हणायचं थबक. कुणाची अर्धा सेकंद, कुणाची चार. यंत्र दर रविवारी कमानीच्या आत त्या आठवड्यात काढलेले सगळे फोटो गोळा करतं, ज्याची थबक मोठी त्याचं वजन जास्त, असा सगळ्यांचा मिळून एकच फोटो बनवतं. आणि पुढच्या आठवड्यात आभाळ त्या फोटोसारखं करून दाखवतं.

"म्हणजे आभाळाला मतदान."

"तसंच समज. उजेडाचे फोटोही मोजतं ते. त्यांच्यावर कुणी थांबतच नाही."

हर्षालीनं विचारलं, जुना चालेल का. त्या पहिल्या दिवसाचा, एडिट न केलेला, उन्हाचा फोटो तिच्याकडं अजून होता. चालणार नव्हता, त्याच आठवड्यातला हवा होता. मग मी करू काय, असं ती जवळजवळ अंगावरच धावून म्हणाली. मॅडमना तिची दया आली असावी. त्यांनी मनापासून सल्ला दिला.

"बघणाऱ्याला तुमच्यासाठी ऊन हवंसं वाटेल, असा एखादा फोटो काढ. तुला जमेल."

शनिवारी दुपारी तिनं तो काढला. बाळाराम शेवटच्या वाफ्यात वाकलेला, ओंजळीत मिठाऐवजी काळपट चिखल, बोटांमधून गळणारा. फोटो काढायच्या आधी तिनं स्वतःला बजावलं होतं की याला हात लावायचा नाही, जसा आहे तसा टाकायचा.

बांधावर बसून तिनं तो पाहिला. सपाट होता. आभाळ धुण्याच्या पाण्यासारखं, आणि त्यात बाबाचा चेहरा विरघळलेला. ओंजळीतलं काय आहे तेच कळत नव्हतं. यावर कोण कशाला थांबेल? तिनं उजेड थोडा खाली ओढला, फक्त चेहरा दिसावा म्हणून. मग कडा थोड्या काळ्या केल्या, नजर ओंजळीवर जावी म्हणून. मग आभाळ जरासं जड केलं, कारण नाहीतर बाबाच्या पाठीवर ओझं आहे असं वाटत नव्हतं. पाच मिनिटंही लागली नाहीत. खाली लिहिलं, माझ्या बापाला ऊन हवंय.

रविवारी दुपारपर्यंत बावीस लाख लोक त्या फोटोवर थांबले होते. कुणी लिहिलं, अंगावर काटा आला. कुणी लिहिलं, रडलो. एकानं विचारलं होतं, फिल्टर कोणता. हर्षाली धावत घरी गेली आणि बाबाला म्हणाली, उद्यापासून ऊन. बाळारामचा फोटोबिटोवर विश्वास नव्हता. "मीठ उन्हाला पिकतं गो बाय, फोटूला नाय," एवढंच तो म्हणाला. तरी संध्याकाळपर्यंत त्यानं शेवटचा वाफा घासूनपुसून तयार केला आणि त्यातल्या त्यात दाट पाणी आत घेतलं.

सोमवारी सकाळी आठही मनोरे एकदम घुमायला लागले. एवढा आवाज त्यांनी कधी केला नव्हता. सकाळच्या नऊलाच टपऱ्यांवर दिवे लावावे लागले.

हर्षाली मनोऱ्याखालच्या खोलीत पोचली तेव्हा जोगळेकर मॅडम तिच्याकडं बघत नव्हत्या.

"मी ऊन मागितलं होतं," ती म्हणाली. "खाली लिहिलं होतं."

"त्याला वाचता येत नाही. लोक कशावर थांबले एवढंच बघतं ते." मग हलकेच विचारलं, "एडिट केला होतास?"

"थोडा."

"किती?"

"दिसावा एवढा."

मॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, तसाच टाकायला हवा होतास, आभाळ थोडं तरी उजळलं असतं. हर्षालीनं विचारलं, मग तुम्ही तरी थांबला असता का त्याच्यावर. जोगळेकर मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी यंत्रातून निघालेला त्या आठवड्याचा कागद तिच्यापुढं सरकवला. आभाळाच्या आकड्यांखाली एक नवीन ओळ आली होती. यंत्राला मनोऱ्यांतून जे बनवता येत नाही ते तेवढं लिहून देतं, म्हणाल्या. ओळ अशी होती: माणूस एक, वयस्क, वाकलेला, हातात ओंजळ.

तो कागद पंचायतीत गेला. मेअखेर तपासणी झाली, वाफ्यांत दाणा नव्हता, आणि जागा देखावा-जमीन झाली. तपासणीला आलेला साहेब सज्जन होता. जाताना त्यानं बाळारामसोबत फोटो काढून घेतला.

सरपंचांनी मात्र शब्द टाकला. बाळारामला उघड्यावर टाकायचं नाही, रोज आठ ते अकरा त्यानं वाफ्यात उभं राहायचं, चहा-नाश्ता टपरीवर. दुसऱ्या गावाहून टेम्पोनं मीठ आणून बांधाकडेला ढीग घातला, मागं पांढरं दिसावं म्हणून. जोगळेकर मॅडमची तोवर बदली झाली होती. नवीन तीन गावांना असंच आभाळ हवं होतं.

पहिल्या दिवशी बाळाराम पाण्यात उतरला आणि पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. हात बाजूला, नजर समोर. बांधावर चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, फोटोत असं नाही. सरपंचांनी हर्षालीकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

तिला जागच्या जागी ढेकूळ उचलून भिरकावावंसं वाटलं. पण डोळा तिचाच होता, आणि काय चुकतंय ते त्याला केव्हाच कळलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "कंबरेत वाक. अजून. तोंड पाण्याकडं."

बाळाराम वाकला. चिखलात हात घालून त्यानं ओंजळ भरली आणि तसाच, वर न बघता, विचारलं.

"आता बरं दिसतं का गो?"

"हो," हर्षाली म्हणाली.

आणि ते खरं होतं.