एकोणचाळीस मिनिटं

गडचिरोलीहून चंद्रपूरला निघालेल्या एस.टी.त रंजीताच्या मांडीवर ओढणीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता. दोन्ही हातांनी तिने तो पोटाशी धरला होता.

“खाली ठेवा ना, पाय दुखतीन,” शेजारचा तरुण म्हणाला.

“नको... बिमार आहे तो.”

“का झालं त्याले?” तो हसला. “मी भूपेश. मूल गावच्या कॉम्प्युटर क्लासमधी शिकवतो.”

मग रंजीताला राहवेना. एका आरोग्य संस्थेसाठी दोन वर्षं गावोगाव फिरून तिने अकराशे लेकरांच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या नोंदी त्यात भरल्या होत्या. मूळ कागद वाळवीने खाल्ले होते. परवा तिने स्वतःच विंडोज अठ्ठ्याण्णववर एक्सपी चढवायला घेतलं आणि मधेच लाईट गेली. तेव्हापासून काळ्या पडद्यावर एकच ओळ — एनटीएलडीआर इज मिसिंग. तीन दिवसांनी तपासणीचं पुढचं शिबिर होतं, आणि गडचिरोलीचा दुकानदार म्हणत होता, सगळं पुसून फॉर्मॅट करा; म्हणून ती डबा चंद्रपूरला दाखवायला निघाली होती.

“चावी हरपली म्हणून कोणी घर पाडते का?” भूपेश म्हणाला. “मशीन सुरू करणारी फाईल तेवढी नाई. बाकी सगळं आतच असन.”

मूल गाव आलं. तो उतरून खिडकीखाली उभा राहिला. “येता? नाई जमलं तर पुढच्या गाडीत मीच बसवून देतो.”

रंजीताने त्याच्याकडे पाहिलं... आणि डबा घेऊन उतरली.

क्लासमध्ये त्याने आधी दुरुस्ती केलीच नाही. डबा उघडला, हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. “पहिले तुमचे लेकरं बाहेर काढू.” पडद्यावर नावं उमटली — डोमा, चैतू, सोमारी... रंजीताचे डोळे भरून आले. भूपेश उगाचच पाठ फिरवून कपाटात सीडी शोधत राहिला. ते तिला फार आवडलं.

नोंदी सीडीवर उतरल्या. मग त्याने डिस्क परत बसवली, एक्सपीच्या सीडीतून हरवलेली फाईल जागेवर टाकली. पुन्हा काळ्या पडद्यावर तीच ओळ!

“काऊन?” ती कुजबुजली.

“दम धरा... डिस्कवरची सुरुवातीची जागा, बूट सेक्टरही बिघडला असन.” त्याने आणखी एक कमांड दिली. पडदा निळा झाला. अर्धवट राहिलेलं काम पुढे सरकलं — एकोणचाळीस मिनिटं बाकी.

“म्हणजे एकोणचाळीस मिनिटं तुमी कुठी जात नाई,” तो चहा आणत म्हणाला.

ती लाजली. पण कप हातात घेऊन म्हणाली, “एक सांगू? माझा लहान भाऊ सिकलसेलनेच गेला. मी स्वतः वाहक आहो, मले तरास नाई, पण दोष रक्तात आहे. हे सांगितलं म्हणून दोन सोयरिकी मोडल्या.”

“सांगितलं काऊन मंग?”

“लपवून लगन करू? नवराही वाहक निघाला तर लेकराले आजार होऊ शकते.”

भूपेशने रिकामे कप उचलले आणि तो पडद्याकडे वळला. मशीन सुरू झालं, त्याने तिला गडचिरोलीच्या गाडीत बसवून दिलं. सारी वाट ती स्वतःवरच चिडत राहिली — काय गरज होती सांगायची!

शिबिराच्या दिवशी ती रांगेतल्या लेकरांची बोटं टोचत होती. एक मोठं बोट पुढे आलं. वर पाहिलं... भूपेश!

“तुमी? इथी?”

“तपासणी करून घ्याले आलो.”

तिने रक्ताचा थेंब नळीत सोडला. थोड्या वेळाने चिठ्ठी घेऊन ती बाहेर मोहाच्या झाडाखाली आली.

“थांबा, सांगू नका,” तो म्हणाला. “पहिले माझं ऐका. तुमी मले आवडता. चिठ्ठीत काहीही असो, मी विचारणारच आहो... मी वाहक निघालो, तर दोघं मिळून डॉक्टरसमोर बसू. लगन करसान माझ्याशी?”

रंजीताच्या मुठीत चिठ्ठी घामाने ओली झाली होती.

“रविवारी घरी या,” ती म्हणाली. “बाबा असतात.”

“अन्... रिपोर्ट?”

“चांगला आहे,” म्हणता म्हणता तिला हसू फुटलं, आणि रांगेतली सगळी माणसं वळून त्यांच्याकडे पाहू लागली.