स्लॅब पडला

कालिकामातेची शपथ घेऊन सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणजे साल थोडं इकडचं तिकडे झालं असेल. आणि मी सगळ्या वेळी तिथे हजर होतो, असंही नाही. आणि एक भाग तर... जाऊ द्या, तो शेवटी सांगतो. मी मिक्सरवाला माणूस. वाळू, खडी, सिमेंट, पाणी एकात एक टाकायचं आणि फिरवायचं, हा धंदा. तोंडातही तेच यंत्र बसवलंय, असं आमची मंडळी म्हणते. तो दिवा जरा इकडे सरकवा.

तर काम अगदी साधं होतं. दोन हजार दोनचा उन्हाळा. गंगापूर रोडला किशोर निरगुड्यांच्या साइटवर दुसऱ्या दिवशी माझा मिक्सर लागणार होता. तो उभा कुठे करायचा, एवढंच विचारायला संध्याकाळी गेलो होतो. लाइट गेलेली. ओल्या गोणपाटाचा आणि सिमेंटचा तो आंबूस वास, जो आम्हा लोकांच्या कपड्यांतून मरेपर्यंत जात नाही, तो सगळीकडे भरलेला.

त्या साइटवर एक नियम होता. 'स्लॅब पडला' म्हणायचं नाही. आता आपल्याकडे स्लॅब पडतोच. काँक्रीट ओतून झालं की माणूस घरी फोन करतो, "पडला बाबा एकदाचा स्लॅब," आणि तिकडून विचारतात, "पेढे कुठायत?" निरगुड्यांकडे मात्र 'भरला' म्हणायचं. नवा गडी चुकून 'पडला' म्हणाला की शफी मुकादम त्याच्या पाठीत रट्टा घालायचा. का, ते सांगतो.

किशोर निरगुडे इंजिनियर, आणि बोलण्यात साखरेचा कारखाना. रविवारी गिऱ्हाइकं घर बघायला यायची. त्यांचे प्रश्न ठरलेले. साहेब, पाणी किती दिवस मारायचं? ही बारीक चीर धोक्याची का? खालचे टेकू कधी काढायचे? साहेब काडीने वाळूत चित्रं काढून समजावायचे. "काका, काँक्रीट वाळत नसतं, मुरतं. लोणच्यासारखं. हॉलच्या स्लॅबचे टेकू दोन आठवड्यांच्या आत काढलेत, तर माझ्याशी गाठ आहे." काका खूश होऊन चहा पिऊन जायचे.

हाच प्रश्न हिरामणने विचारला, तेव्हा उत्तर दुसरं होतं.

हिरामण आणि भागीबाई हे पेठकडचं जोडपं. भात घरात आला की नाशकात यायचं, साइटवरच पत्र्याच्या खोपीत राहायचं. तो टेकू लावायचा आणि काढायचा. ती स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी भरायची. बांधावरून चालावं तशी त्या वाफ्यांमधून चालायची. गावाकडच्या खाचरात आणि या छतात तिला फरक वाटत नसावा.

नव्व्याण्णव साली निरगुड्यांचे दोन बंगले शेजारी शेजारी चालले होते. पहिल्याचा स्लॅब आठवड्यापूर्वीचा. दुसऱ्याचा त्या दिवशी पडत होता. नारळ फुटला, माझा मिक्सर सुरू झाला, आणि शफीच्या लक्षात आलं की खाली टेकू कमी पडतायत. किशोर गाडीत बसत होता. म्हणाला, "मग पहिल्या बंगल्याखालचे काढा चारदोन."

हिरामण म्हणाला, "सायेब, लय लौकर नाय का व्हत? आठच दिस झालं."

"काढ रे! तुझ्या बापाने कधी स्लॅब बघितला होता का?" आणि गाडी निघाली.

माझ्या मिक्सरच्या घरघरीत आवाजही कुणाला नीट आला नाही. धूळ उठली, तेव्हा कळलं. पहिल्या बंगल्याचं छत मधोमध मोडून खाली आलेलं. हिरामण कमरेपर्यंत त्याच्याखाली, पण शुद्धीवर. बोलत होता. शफी ओरडला, "भाभी, पळ! साहेबाला फोन लाव, क्रेन मागव!"

भागीबाई कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावली. नंबर बूथवाल्याने साइटच्या पाटीवरून बघून लावला. तिला धाप लागलेली. तोंडातून एवढंच निघालं, "सायेब... स्लॅब पडला..."

"वा भागीबाई! झकास! पेढे घेऊन येतो," किशोर म्हणाला, आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला, तर ऑफिसात कुणी उचलेना. ती धावत परत आली आणि म्हणाली, "सायेब येतो म्हनला." मग काय, सगळ्यांना धीर आला. पहारी घालून उचकटत होते, ते थांबले. वरचा भाग आणखी खचेल, त्यापेक्षा क्रेन येऊ द्या. बाई नवऱ्याच्या उशाशी बसली. "येतायत हां... निघालेत... आता येतील."

किशोर जेवूनखाऊन आला. हातात पेढ्यांचा पुडा. तोवर हिरामणचं बोलणं थांबलं होतं.

चौकशीत लिहिलं गेलं, मजुराने कुणाला न विचारता टेकू काढले. बंगला पुन्हा उभा राहिला, विकला गेला, वास्तुशांतीला जिलेबी होती. मीही खाल्ली.

तर ती दोन हजार दोनची संध्याकाळ. जिना चढून वर गेलो, तर नव्या स्लॅबवर पाण्याचे वाफेच वाफे, आणि प्रत्येकात आभाळाचा एकेक मळकट तुकडा. भागीबाई पाइप धरून उभी. होय, तीच. त्याच मालकाकडे, त्याच कामावर. मी हळूच म्हटलं, "भागीबाई, दुसरीकडे कुठं काम नाही मिळालं का गं?"

तिने मान वर केली नाही. "जाऊ कुठं? क्रेन यायची हाय ना अजून."

तेवढ्यात किशोर वर आला. मिक्सरची जागा दाखवायला त्याने हात उचलला, आणि त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्याने पडद्याकडे पाहिलं. घाम फुटला त्याला. म्हणाला, "तू... तू घे."

"अहो, तुमचा फोन..."

"घे म्हणतो ना!"

कानाला लावला. आधी नुसती घरघर. ती मी झोपेतही ओळखीन. माझाच मिक्सर. त्याच्या दातेरी चाकाचा एक दात तुटला होता तेव्हा, दर फेरीला ठेचकाळायचा. ते चाक मी केव्हाच बदललंय. आणि त्या घरघरीवर बाईचा आवाज, धाप लागलेला.

"सायेब... स्लॅब पडला..."

मी समोर पाहिलं. भागीबाई चार पावलांवर उभी होती. तोंड मिटलेलं. पाइपातून पाणी पडतंय. आणि फोनात तीच. तिच्याही मागे, लांबून, पुरुषाचा आवाज... "भागे... पाय लागंना गं माझं..."

मी फोन हाताने झाकला. "साहेब, तो जिवंत आहे. आत्ता. या फोनात. नुसतं म्हणा, क्रेन पाठवतो. एवढंच म्हणा!"

किशोरने फोन घेतला. ओठ हलले. त्याला म्हणायचं होतं हो, मी त्याचा चेहरा बघत होतो. आणि आवाज निघाला तो गोड, गुळगुळीत, जेवणाआधीचा.

"वा भागीबाई... झकास... पेढे घेऊन येतो."

फोन बंद झाला. भागीबाईने खाली वाकून पाइप पिरगाळला, पाणी थांबलं. म्हणाली, "दर खेपंला ह्येच म्हनतो."

आता कबूल केलं होतं तो भाग. टेकू खरे, पेढे खरे, चौकशीतलं ते वाक्य खरं, आणि जिलेबीही. खोटा आहे तो किशोरचा घाम. त्याला असला फोन कधी आलाच नाही. त्या संध्याकाळी मला मिक्सरची जागा दाखवून तो शीळ घालत गाडीत बसला. 'पडला' शब्दावर बंदी घातली होती शफीने, स्वतःच्या मनाने. किशोरला तो नियम असल्याचाही पत्ता नव्हता. आता त्याचं नाव सात मजली इमारतीवर आहे आणि त्याला गाढ झोप लागते. एकदा तरी तो घाबरलेला दिसावा, म्हणून मी तो फोन त्याच्या हातात दिला.

फोन येतो तो मला.

मला का, देव जाणे. नव्व्याण्णवच्या त्या दिवशी मी दुसऱ्या कामावर दिंडोरीला होतो, मिक्सर माझ्या गड्याने चालवला. भागीबाई तर केव्हाच पेठला परत गेली. तिच्या पाड्यावर अजून रेंज पोचलेली नाही. तरी वाजतो. घरघर येते, ठेचकाळत. मी तिला वाक्यही पुरं करू देत नाही. "निघालो, भागीबाई, क्रेन घेऊन निघालो!" असं ओरडतो, आणि तसाच उभा राहतो, कारण जायचं कुठे? त्या बंगल्याच्या हॉलमध्ये आता लोक टीव्ही बघत बसलेले असतात.

ती कान लावते. पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर उत्तर दिलंय, असं ऐकत असल्यासारखी. मग हळूच म्हणते,

"लौकर या... अजून बोलतोय."