थोरल्याला विचारलंस?

मोत्यांच्या कंपनीत दुभाषी म्हणून लागल्यापासून हस्निया पहिल्यांदाच गावी आली, तीही संमतीचा कागद घेऊन. खाडीच्या तोंडाशी कंपनीला शिंपल्यांचे दोर बांधायचे होते. दोर बांधले की गावच्या होड्यांची ती वाट बंद. उद्या साहेब येणार होते, घराघरातून अंगठे घ्यायला.

बाप, लम्पांग, पाण्यावरच्या घराच्या ओट्यावर जाळं सांधत बसला होता. त्याने भाजलेला मासा तिच्यापुढे सरकवला.

"वाळलीस. कंपनी खायला घालत नाही वाटतं."

"उवा," तिने बापाला हाक मारली, "अंगठा देशील ना?"

"तू म्हणतेस तर देईन. थोरल्याला विचारलंस?"

ती हसली. ती एकुलती एक. पण तिच्या जन्माची वार करवंटीत घालून याच खाडीत सोडली होती. ती वारच तिचा थोरला; गावात प्रत्येकाचं थोरलं भावंड असंच समुद्रात राहायचं. शाळेत गेल्यापासून तिने ते मानणं सोडलं होतं. तरी बापाचं मन तिला मोडवेना.

दुपारी दोघं होडीने खाडीच्या तोंडाशी गेली. वारा पडला होता. तिने कागद मोठ्याने वाचला, एकेक कलम सोपं करून. लम्पांग पाण्याकडे बघत हुंकार देत होता.

"आता हात घाल पाण्यात. लहानपणी घालायचीस तसा."

पाणी कोमट होतं. मग अंगठ्याभोवती काहीतरी गार मिटलं. मऊ, पण घट्ट. तान्हं बाळ बोट धरतं तसं.

"काय म्हणतोय?"

"सोडत नाहीये, उवा," ती हळूच म्हणाली.

लम्पांगने वल्हं आडवं ठेवलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"धरू दे. किती वर्षांनी भेटलीस त्याला."

सकाळी साहेब आले. ओट्यावर जांभळ्या शाईची डबी उघडली. साक्षीदार म्हणून पहिला अंगठा हस्नियाचा; सही चालत नव्हती.

तिने शाई लावून तो कागदावर दाबला. उचलला, तेव्हा अंगठ्यावर शाई नव्हती.

कागदावरही नव्हती.

साहेबांनी दुसरी डबी काढली. लम्पांगने दाबला. मग शेजारच्यांनी, मग एकेका घराने.

कागदावर ठसा एकही नाही.

"दमट झालाय कागद. नवा घेऊन येतो," साहेब म्हणाले आणि कोणाकडे न बघता लाँचमध्ये चढले.

ओहोटी लागली होती. हस्निया ओट्यावरून वाकली. घराचे खांब खालून उघडे पडत होते. एरवी पाण्याखाली असणाऱ्या लाकडावर जांभळे ठसे होते. पलीकडच्या घराच्या खांबांवरही. त्याच्या पलीकडेही.

तान्ह्या बाळाच्या अंगठ्याएवढे.