खाडी आणि प्रज्योतचा उजवा डोळा

त्या लेन्सपासून प्रज्योतला तीन फायदे होणार होते. लाँच चालवायचा परवाना, त्यामागोमाग रेवसच्या लाँचवर कायमची नोकरी, आणि ती लागली की मृणालीच्या बापाचा होकार. पहिले दोन तिसऱ्यासाठी आहेत, हे अख्ख्या रेवदंड्याला ठाऊक होतं. मृणालीच्या बापाला जरा जास्तच.

डावा डोळा ठणठणीत होता. उजव्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला. बाजारातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात मी त्याला खास लेन्स बसवून दिली. वाटीसारखी, आत सलाइन भरून लावायची. "शेवटची ओळ दिसते, मॅडम!" म्हणत त्याने माझ्या काउंटरवर ताल धरला.

अशा लेन्सखाली कॉर्नियाला हवा कमी पोचते, तो सुजतो आणि नजर धुरकट होते. म्हणून मी रोज त्याची जाडी मोजून तारीख-वेळेसकट लिहायची. चारशे सत्तर मायक्रॉन. पाचशे नऊ. पुन्हा चारशे सत्तर. लेन्स रोज तेवढेच तास, आणि आकडे हे असे.

शकूआत्या बंदरावर मासळीचा लिलाव करते. चष्म्याची काडी बसवायला आली होती, तिने कागद नाकाजवळ धरला आणि पाचशे नऊच्या वेळेवर बोट ठेवलं.

"आगो मॅडमबाय, ही तर भरतीची वेल हाय!"

आम्ही तिघंही हसलो. प्रज्योत आधी थांबला.

परवान्याची डोळेतपासणी बंदरावरच्या कार्यालयात होती, अमावास्येला दुपारी साडेबाराला. ऐन भरतीची वेळ. योगायोगावर माझा विश्वास आहे, पण सुजेवर जास्त. सकाळी दहालाच मी त्याची लेन्स काढून ठेवली. लेन्स नाही तर सूज नाही, पुस्तकात एवढंच आहे. बाराला जाडी चारशे सत्तर झाली. लेन्स लावून त्याला पाठवलं आणि मागोमाग मीही गेले.

त्याने शेवटची ओळ सुलटी वाचली, मग हौसेने उलटी. डॉक्टरांनी सही केली. खाली कसला तरी आरडाओरडा चालला होता.

खाडीत पाणी नव्हतं.

सात होड्या चिखलात कलंडल्या होत्या. सगळे होड्यांकडे बघत होते. शकूआत्या वर, खिडकीतल्या प्रज्योतकडे.

चारला जाडी पाचशे नऊ झाली. होड्या तरंगल्या.

दुसऱ्या दिवशी शकूआत्या पापलेट घेऊन दुकानात आली. "लेन्स काडू नको रं पोरा. निजतानाबी न्हाय."

"डोळा सुजेल, आत्या," मी म्हटलं.

"सुजू दे की! मोठी होडी धक्क्याला लागंल."

लागली.

तर हिशेब असा. बायकांचं चिखलातून टोपल्या वाहणं संपलं. प्रज्योतला नोकरी लागली, घरी रोज पापलेट येतं, साखरपुडा दिवाळीनंतर आहे. परवान्याची फेरतपासणी पुढच्या वर्षी. तोवर अक्षता पडून जातील. उजव्या डोळ्याला आता माझी बोटं मोजता येत नाहीत.

"आता दोन होड्या एकदम लागाया होव्या," परवा शकूआत्या हसत म्हणाली. "डाव्या डोल्याची लेन्स कवा येते गो?"

प्रज्योतही हसला.

माप मी कालच घेतलं.