चौदा नंबरचं अर्थिंग

आमची राहायची गाडी मुक्कामाच्या तळावर लागली की आमच्याकडे पहिला दादा उतरतो. रबरी तळव्यांचे बूट, हातात मीटर. दादा पेशानं वायरमन आणि स्वभावानं परीक्षक. जागेवरच्या विजेच्या खांबाचा खटका आधी खाली. मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, प्रत्येक मोजणी दोनदा. मग वायर जोडायची. शेवटी गाडीच्या दाराला उलटा हात लावून बघायचा. सुलटा का नाही, हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय: झटका बसला की मूठ आवळते, आणि मग माणूस सुटत नाही.

हे सगळं होईपर्यंत आई आत ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली असते आणि मशीन स्वतःच्या बॅटरीवर चालत असतं.

"त्याचं झालं का रे?" ती मला विचारते. "का माझे दिवस घातल्यावर वायर लावणार आहे?"

त्या दिवशी सकाळी अकराला आम्ही चौदा नंबरच्या जागेवर लागलो. गाडीचा इन्व्हर्टर वाटेत जळाला होता. नवा घेऊन मेकॅनिक दुसऱ्या दिवशी सकाळी इथंच येणार होता. पुढचा तळ तीन तासांवर, आणि मशीनच्या बॅटरीत चाळीस मिनिटं उरलेली. बाकीच्या सगळ्या खांबांवर 'बंद' अशा पाट्या. म्हणजे आईचा श्वास त्या एका कमरेएवढ्या राखाडी खांबात होता.

फेज-न्यूट्रल एकशे बारा व्होल्ट; मशीनला दोनशेच्या वर लागतात. फेज-अर्थ शून्य. दादानं मीटरकडे असं पाहिलं, जसं काही मीटरनं त्याला शिवी दिली.

"इथं अर्थिंगच नाहीये," तो तळाच्या व्यवस्थापकाला म्हणाला.

व्यवस्थापक इस्त्रीच्या शर्टातला सभ्य माणूस. "आधीचं झिजलं," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षं चालतं एक. आता ज्याचं त्यानं आणायचं, अशी इथली पद्धत आहे."

"माझ्याकडे अर्थिंगची सळई आहे."

"ठोकून बघा. सळया धरत नाहीत इथं." त्यानं खांबालगतची माती बुटानं हळूच सारखी केली. सगळीकडे दाट गवत होतं. फक्त तिथं, दोन पावलांएवढं, नव्हतं.

दादानं सळई ठोकली. एकशे बारा. सळईला पाणी घातलं. एकशे बारा. मशीनमध्ये वीस मिनिटं उरली तेव्हा त्याच्या बुटात खडा गेला. त्यानं बूट-मोजे काढले, उघडे पाय त्या मोकळ्या मातीवर टेकवले, आणि माझ्या हातातल्या मीटरवर आकडा चढला. दोनशे एकतीस. स्थिर.

"तू कशाला हात लावलास?" मी विचारलं.

"कशालाच नाही."

त्यानं पाय उचलला, एकशे बारा. टेकवला, दोनशे एकतीस. आम्ही पाच वेळा केलं. दादाला विज्ञानाची चाड असल्यामुळे सहाव्यांदाही केलं. मग मला उभं केलं. माती गार होती, नको इतकी मऊ होती. मी टाचा वर धरून उभा राहिलो. एकशे चाळीस.

"तू शाळेपासूनच पन्नास-साठ टक्क्यांचा," दादा म्हणाला आणि पुन्हा जाऊन उभा राहिला. "लाव वायर. आईचं मशीन चालू कर. मी शोधतो काय ते."

मी वायर लावली. दाराला उलटा हात लावला. सगळं ठीक. आत बॅटरीवर मंदावलेलं मशीन पुन्हा एका लयीत धापा टाकायला लागलं, आणि आईचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले.

"काय होतं?" तिनं विचारलं.

"दादाला अर्थिंग म्हणून उभं केलंय."

"बरं झालं. कशाच्या तरी उपयोगी पडला."

एक वाजता मी त्याला डोक्याला टोपी आणि पाणी नेऊन दिलं. दोनला खुर्ची नेली, पण तो बसला की आकडा दीडशेवर यायचा. तीनला त्याचे घोटे मातीत होते. जमीन खचली असेल म्हणून मी खाली वाकून पाहिलं. खचली नव्हती. त्याच्या पावलांभोवती ती नीट, घट्ट बसली होती, चपलेचा अंगठा बसतो तशी.

"दुखतंय का?"

"नाही." त्यानं खाली घोट्यांकडे पाहिलं. "थोडा वेळ तू उभा राहशील? मला फक्त पाय काढून बघायचेत. निघतात का ते."

"माझ्यावर एकशे चाळीसच येतं, दादा. आईचं मशीन बंद पडेल."

"पुन्हा एकदा बघ. शेजारी उभा राहा."

मी त्याच्या शेजारी, त्याच मातीत उभा राहिलो. मीटर माझ्या हातात, आकड्यांची काच माझ्याकडे. या वेळी टाचा टेकवल्या. आकडा दोनशे एकतीसवरून दोनशे तीसवर आला आणि मग हलेचना. त्याच वेळी माझ्या तळव्यांना खालून काहीतरी चाटून गेलं. गाय वासराला चाटते तसं, मायेनं.

"दादा," मी म्हणालो, "एक पाय उचल जरा."

त्यानं सगळा जोर लावून एक पाय अर्धा काढला. दोनशे तीस. मघाशी तो नुसता बसला तरी आकडा पडायचा; आता सगळं माझ्यावर चाललं होतं.

मी उडी मारून बाहेर आलो. त्याचा पाय परत आत गेला.

"किती आलं?"

"एकशे चाळीस," मी म्हणालो.

दादानं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं माझा आकडा पुन्हा तपासला नाही.

संध्याकाळी मी त्याला जेवायला विचारलं. तो म्हणाला, "दोनशे बत्तीस." मी मीटर पाहिलं. दोनशे बत्तीस. थंडी वाजते का, विचारलं. "दोनशे तीस." बरोबर होतं. मी त्याच्या खांद्याला उलटा हात लावून बघितला. खांदा गुणगुणत होता, जुन्या फ्रीजसारखा.

सकाळी मेकॅनिक आला. तासाभरात नवा इन्व्हर्टर बसला. आई टवटवीत होती.

मी खटका पाडला. वायर काढली. गुंडाळली.

"दादा, झालं. चल."

तो खांबाकडे बघत राहिला.

मी त्याला काखेत धरून ओढलं. गुडघ्यापर्यंत माती. फावडं आणायला गेलो, तर व्यवस्थापक समोर.

"नका खणू," तो म्हणाला. "खाली काही उरत नाही."

गाडीतून आईनं काच खाली केली.

"येतोय का तो?"

मी गुंडाळलेली वायर गाडीत टाकली.

"मग तू चालव," ती म्हणाली, आणि काच वर केली.

आम्ही फाटकापाशी पोहोचलो तेव्हा दुसरी गाडी आत येत होती. मी आरशात पाहिलं, ती चौदा नंबरवर लागली. नवरा उतरला, वायर जोडली, काहीही न तपासता. बायको मुलांचे ओले टॉवेल घेऊन उतरली, इकडेतिकडे दोरी शोधली, आणि मग एक टॉवेल दादाच्या हातावर टाकला.

टॉवेल लांब होता.

दादानं हात थोडा वर धरला, मातीला लागू नये म्हणून.