वाईसाले मामांच्या तीन टाळ्या

ही घडलेली गोष्ट आहे. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. उलट काही गाळावं असं फार वाटलं, कारण यात मी वाईट दिसतो.

रात्र नव्हती. गुरुवार, दुपारचे साडेबारा, पूर्ण ओहोटी. जागा म्हणजे फिजीतल्या आमच्या वुनिदोंगो गावासमोरचं प्रवाळ. ते सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि मी तिथला पहारेकरी.

माझ्या वरचे मोठे पहारेकरी वाईसाले मामा, आईचे सख्खे भाऊ. ते गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे गावाने समोरचं पाणी शंभर दिवस बंद केलं. वाळूत खारफुटीचा खांब रोवला, त्याला झाडाच्या सालीचं कापड बांधलं. तिथे गळही टाकायचा नाही.

मामा चोरावर कधी ओरडले नाहीत. चोर सापडला की त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि पोकळ तळव्यांनी तीन टाळ्या वाजवायचे. आम्ही गावप्रमुखासमोर वाजवतो तशा.

एवढा मान मिळाल्यावर चोर मान वर करत नसे.

एकसष्टावा दिवस. मामांची जागा कुणाला द्यायची ते ठरवायला राजधानी सुव्हाहून उद्यानाचे साहेब जेवायला येणार होते. ताटात नुसते कसाव्याचे उकडलेले कंद आणि डब्यातली मासळी वाढायची मला लाज वाटली.

लाज वाटली ती या गोष्टीची.

मी भाला घेऊन बंद पाण्यात उतरलो.

आमचं प्रवाळ पाण्याखाली कधी गप्प नसतं. कोळंब्या तडतडतात, पोपटमासे दगड कुरतडतात. मी एका मोठ्या पोपटमाशात भाला घुसवला…

आणि सगळं थांबलं.

तडतड नाही. कुरकुर नाही.

मग… टाळी. पोकळ.

एक. दोन. तीन.

पाण्याखाली, अगदी कानाशी.

मी वर आलो. होडी नव्हती. माणूस नव्हता. एक पक्षीसुद्धा नव्हता.

मासा घाईघाईत खांबाशीच साफ केला. साहेबांनी तो चाटूनपुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वाळूत खवले सापडले. संशय पेनायावर गेला. मामांचाच मुलगा, गावातला नावाजलेला भुरटा.

"मी?" पेनाया हसला. "बापाच्या सुतकात चोरी करायची आणि एकच मासा? मला काय मांजर समजलात?"

"दात काढू नकोस," गावप्रमुख म्हणाले.

"बरं, मग पहारेकरी साहेबांना विचारा. काय साहेब, कोण होतं पाण्यात?"

मी खाली बघितलं.

"मी कुणाला पाहिलं नाही."

चोराने कबुली दिली नसती तर पाणी आणखी शंभर दिवस बंद राहिलं असतं. शिंपले वेचणाऱ्या गावातल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. पेनायाने त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे माफी मागताना देतात ती यांगोनाच्या मुळांची जुडी प्रमुखांपुढे ठेवली आणि न केलेल्या चोरीची माफी मागितली.

त्या मुळांचं पेय, यांगोना, घोटून झालं. प्रमुख प्याले. सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या…

आवाज झाला नाही.

पुन्हा वाजवल्या. तळवे झोंबले. आवाज नाही.

याला आता सात महिने झाले. जागा मला मिळाली. हात दारावर ठोकला तर आवाज होतो, मांडीवर मारला तर होतो. टाळीचा होत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी एका बैठकीत पेनाया शेजारी होता.

"साहेब, हाताला खोबरेल चोपडलंय का?"

लोक हसले. त्याने माझ्या तळव्यांकडे नीट पाहिलं आणि हसणं सोडलं.

"तुला टाळी बाबांनीच शिकवली होती ना?" तो हळू आवाजात म्हणाला.

मी हात मांडीखाली सरकवले.

दुसऱ्या दिवशी मी मुळांची जुडी आणली. ती पेनायापुढे ठेवून खरं सांगायचं आहे. त्याचं दार माझ्या दारापासून वीस पावलांवर.

रोज निघतो. चार पावलं जातो…

आणि मागे, माझ्या रिकाम्या घरात, कुणीतरी तीन टाळ्या वाजवतं. सावकाश. मान देऊन.

माझी मान खाली जाते. मी परत फिरतो.

जुडी अजून माझ्याच उंबऱ्यावर आहे.